निंबोळीचें तेल आणि मुखाची त्वचा

पिंपळगांव राजा हें बुलढाणा जिल्ह्याच्या खामगांव तालुक्यांतील गांव. वऱ्हाडांतील इतर गांवांप्रमाणें येथेंही उन्हाळा कडक असतो, आणि तो सरतां सरतां कडुनिंबाखालीं पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. उन्हानें व घामानें तोंडावर पुरळ उठावें, आणि त्याच सुमारास दारच्या झाडानें औषधी बीज खालीं टाकावें, हा योग शेतकरी समाजाच्या नजरेंतून सुटणें शक्य नव्हतें. निंबोळीच्या गरांत सुमारें ४० टक्के तेल असतें. तें काढून दिव्यांत जाळावें, जनावरांच्या जखमांस लावावें, माणसांच्या खरजेवर चोळावें, ही चाल भारतांत फार जुनी आहे. परंतु जें तेल बैलाच्या खांद्याला चालतें, तें माणसाच्या चेहऱ्यालाही चालतें काय, हा प्रश्न वेगळा आहे.

प्राचीन वैद्यांनीं मुखाच्या त्वचेचा विचार स्वतंत्रपणें केलेला आढळतो. सुश्रुतसंहितेंत तारुण्यांतील पुटकुळ्यांस मुखदूषिका म्हटलें असून त्यांना सांवरीच्या कांट्यांची उपमा दिली आहे. त्यांवर सुश्रुतानें वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितला. कडू तेल चोळण्यास सांगितलें नाहीं. अष्टांगहृदयांतील कुंकुमादि तैल मुखाच्या कांतीसाठीं प्रसिद्ध आहे. तें केशर, वाळा, लाख, ज्येष्ठमध, चंदन इत्यादि द्रव्यें व शेळीचें दूध घालून सिद्ध केलें जातें, आणि त्याचा आधार तिळाचें सौम्य तेल हा आहे. शिवाय मूळ ग्रंथांत तें नस्य म्हणून, म्हणजे नाकावाटे, द्यावयाचें आहे. आज मात्र लोक तें चेहऱ्यावर चोळतात. औषधाचें नांव टिकतें आणि त्याची रीत बदलते, याचें हें बोलकें उदाहरण होय.

निंबोळीच्या तेलाकडे आधुनिक रसायनशास्त्राचें लक्ष वळलें, तें विसाव्या शतकांत. १९४२ सालीं सलीमुज्जमान सिद्दीकी यांनीं त्यांतून निंबिन हें कडू द्रव्य वेगळें केलें. पुढें या तेलास जगाच्या बाजारांत मोल आलें, आणि १९९४ सालीं युरोपीय पेटंट कार्यालयानें अमेरिकेचें कृषिखातें व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना, या तेलानें पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीचें पेटंट दिलें. त्याला हरकत घेणाऱ्यांत वंदना शिवा होत्या. १९८५ व १९८६ सालीं पुणें व सांगली जिल्ह्यांतील शेतांत असा अर्क वापरला होता, अशी साक्ष अभय फडके यांनीं दिली. २००० सालीं पेटंट रद्द झालें, आणि ८ मार्च २००५ रोजीं अपिलांतही तोच निर्णय कायम राहिला.

हा विजय मोठा खरा. पण त्याचा अर्थ नेमका घेतला पाहिजे. पिकांवरील हा उपयोग महाराष्ट्रांत आधींच ठाऊक होता, एवढेंच तेथें सिद्ध झालें. तेंच तेल चेहऱ्यास हितकर आहे, असा निकाल तेथें कोणीं दिला नाहीं. कारण तो प्रश्नच तेथें नव्हता.

चेहऱ्याचे विकारही एकजात नसतात. नाकाच्या कडांस व भुंवयांत लाली येऊन कोंडा सुटतो, त्या विकाराशीं मॅलासेझिया नांवाच्या बुरशीचा संबंध आहे. फ्रेंच संशोधक मालासे यांनीं १८७४ सालीं तिचें वर्णन केलें. ही बुरशी त्वचेवरील स्निग्धांशावर जगते. म्हणून तेथें तेल चोळणें म्हणजे तिला खाद्य पुरविणें ठरूं शकतें. निंबोळीचें कच्चें तेल लावल्यानें त्वचेची आग होऊन पुरळ वाढल्याचींही उदाहरणें आहेत. तान्ह्या मुलांच्या बाबतींत तर अधिकच जपलें पाहिजे. हें तेल पोटांत जाऊन बालकांना झालेल्या गंभीर विषबाधेचें वृत्त १९८१ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत मलेशियाहून आलें होतें.

यावरून दारचा कडुनिंब त्याज्य ठरत नाहीं. ज्यांनीं तो पिढ्यान् पिढ्या वापरला, त्यांनीं कोठें लावावें व किती लावावें याचाही अनुभव जमविला होता. तेल घ्यावयाचें आणि तो अनुभव टाकावयाचा, हें शहाणपणाचें नव्हे. चेहऱ्यावर लावण्यापूर्वीं तें सौम्य तेलांत मिसळून हाताच्या आंतल्या बाजूस थोडें लावून पाहावें, आणि लाली टिकल्यास वैद्याकडे जावें, यांत परंपरेचा अवमान मुळींच नाहीं.