उघडलेला लॉकर

पाँपेई शहराशी माझी ओळख झाली ती एका बँकवाल्यामुळे. लुसियस कैकिलियस युकुंडस हे त्याचे नाव. इतिहासात राजे भेटतात, सेनापती भेटतात. बँकवाला सहसा भेटत नाही. त्यामुळे परगावच्या स्टँडवर गाववाला दिसावा तसा मला आनंद झाला.

१८७५ साली त्याच्या घरात मेण लावलेल्या लाकडी पाट्यांची पेटी सापडली. दीडशेच्या वर पाट्या! बहुतेक लिलावाचे पैसे पोचल्याच्या पावत्या, साक्षीदारांसकट. मेण गेले, लाकडाचा कोळसा झाला, पण लेखणीचे ओरखडे वाचता आले. (आमच्या माळ्यावर दहा वर्षांपूर्वीचे व्हाउचर शोधायला गेलं, की हाती फक्त वाळवी लागते.)

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने हे शहर राखेखाली पुरले. माणसे मेली हे भयंकरच. पण नुसत्या मालमत्तेचे पाहाल, तर इतका पक्का लॉकर दुसरा नसेल. ना ऊन, ना पाऊस. १७४८ साली खणायला सुरुवात झाली आणि लॉकर उघडला. राजाच्या माणसांनी भिंतींवरची चित्रे कापून नेली. उरलेली उन्हाने विटली, चुना पावसाने धुपला, भेगांत झाडे रुजली. १९४३ मध्ये बॉम्ब पडले, तेही दोस्त राष्ट्रांचे. असे दोस्त असल्यावर शत्रू हवाय कशाला?

त्यात 'स्कोला आर्मातुरारुम' ही इमारत ढासळली. युद्धानंतर ती पुन्हा उभी केली आणि जुन्या भिंतींच्या डोक्यावर काँक्रीटचे छप्पर ठेवले. म्हाताऱ्याला आधार म्हणून त्याच्याच डोक्यावर ट्रंक द्यावी, तसे! ६ नोव्हेंबर २०१० रोजी, पावसानंतर, सकाळी ती खाली बसली. पर्यटक अजून आत यायचे होते, म्हणून निभावले. राष्ट्राध्यक्ष नापोलितानो यांनी ही इटलीला शरमेची गोष्ट म्हटले. मग साडेदहा कोटी युरोंची योजना आली, डागडुजी झाली, आणि २०१९ मध्ये ती इमारत पुन्हा दाखवू लागले. पैसा आधी पाण्यात आणि मग पाणी निघून जावे म्हणून. हा क्रम मात्र आमच्या ओळखीचा.

युकुंडसच्या घरातही आफत आली. इ. स. ६२ च्या भूकंपाचे दृश्य कोरलेले शिल्प १९७० च्या दशकात तिथून चोरीला गेले. २०२३ मध्ये ते बेल्जियममधल्या एका घरात सापडल्याची बातमी वाचली. भूकंपाने आणि ज्वालामुखीने जे हलवले नाही, ते कोणीतरी बिनबोभाट उचलून नेले!

शहराचा साधारण तिसरा हिस्सा अजून मातीखाली आहे. तो सगळा उकरावा असे मला वाटत नाही. पण कोणी उकरलेच नसते, तर युकुंडस मला भेटला नसता, हेही खरे. तिथे एखाद्या कारकुनाची पेटी असेल, तर तिने अजून थोडी कळ काढावी. तिला सांभाळणारे छप्पर आधी होऊ दे.