मळक्या सदऱ्याचे संगीत



कामगार संघटनेच्या माणसाने पाश्चात्त्य संगीतावर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. सूरतालाचे शास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु जेथे श्रम आहे, माल आहे आणि मध्ये दलाल आहे, तेथे दोन शब्द बोलण्याचा आमचा अधिकार आहे, असे आम्ही समजतो.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात सिॲटल हे बंदराचे शहर आहे. १९१९ च्या फेब्रुवारीत तेथील सुमारे ६५,००० कामगारांनी सार्वत्रिक संप केला होता. पुढे हे शहर बोइंगच्या विमानकारखान्यांवर जगू लागले. १९७० च्या सुमारास तेथे इतकी नोकरकपात झाली की, गाव सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवून जावे, अशी थट्टेची पाटी १९७१ मध्ये रस्त्यावर झळकली. याच राज्यातील ॲबर्डीन हे लाकूडतोडीवर पोसलेले गाव. तोही धंदा उतरणीला लागला. तेथे १९६७ मध्ये एका मोटार-मेकॅनिकच्या घरी कर्ट कोबेन जन्मला.

ध्वनिमुद्रिकांच्या बड्या कंपन्या न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला. या कोपऱ्याकडे बघतो कोण? तेव्हा पोरांनी आपले आपणच वाजविले. पंक संगीताची घाई आणि हेवी मेटलचा जडपणा यांचे ते मिश्रण. लोक त्याला ‘ग्रंज’ म्हणू लागले. ग्रंज म्हणजे मळ. ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन यांच्या ‘सब पॉप’ या लहानशा कंपनीने त्याच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. कोबेनच्या ‘निर्वाणा’ बँडची १९८९ ची पहिली ध्वनिमुद्रिका अवघ्या ६०६ डॉलरांत मुद्रित झाली. अंगात लाकूडतोड्याचा चौकड्यांचा फ्लॅनेलचा सदरा. कारण तो स्वस्त आणि उबदार!

सप्टेंबर १९९१ मध्ये याच बँडची ‘नेव्हरमाइंड’ एका बड्या कंपनीने काढली. प्रारंभी सुमारे ४६,००० प्रती पुरेशा वाटल्या होत्या; पण जानेवारी १९९२ मध्ये तिने खपाच्या यादीत मायकेल जॅक्सनला मागे टाकले. जे ‘पर्यायी’ होते, तेच आता बाजारपेठ झाले. त्याच वर्षी मार्क जेकब्स या वेषकाराने रेशमावर त्या चौकड्या छापून धनिकांसाठी सदरे मांडले. श्रमिकाचा सदरा असा त्याच्याच आवाक्याबाहेर गेला.

परंतु खरी लढाई पुढेच आहे. ‘पर्ल जॅम’ या सिॲटलच्याच बँडने ठरविले की, तिकीट २० डॉलरांच्या आत असावे आणि विक्रीचे कमिशन १ डॉलर ८० सेंटांहून अधिक नसावे. ‘तिकीटमास्टर’ कंपनीने ते मानले नाही. मोठमोठ्या सभागृहांशी तिचे करार आधीच झालेले होते. मे १९९४ मध्ये बँडने सरकारच्या न्यायखात्याकडे मक्तेदारीची तक्रार केली. ३० जूनला स्टोन गॉसर्ड आणि जेफ ॲमेंट या दोघा वादकांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. उन्हाळ्याचा दौरा त्यांनी रद्द केला, म्हणजे मिळकतीवर पाणी सोडले.

निकाल काय लागला? जुलै १९९५ मध्ये न्यायखात्याने चौकशी गुंडाळली. इतर कलावंतांनी सहानुभूती दाखविली, पण बहिष्कारात कोणी फारसे उतरले नाही. मक्तेदाराची सभागृहे टाळून दूरदूरच्या मैदानांवर कार्यक्रम करता करता पर्ल जॅम थकले आणि १९९८ पर्यंत पुन्हा त्याच खिडकीशी आले. २०१० मध्ये ती कंपनी ‘लाइव्ह नेशन’ या जलसे भरविणाऱ्या कंपनीत विलीन झाली. आणि २०२४ मध्ये त्याच न्यायखात्याला मक्तेदारीचाच दावा घेऊन कोर्टाची पायरी चढावी लागली. तशी तक्रार कोर्टापर्यंत पोहोचायला तीस वर्षे गेली!

या तरुणांना धैर्य कमी पडले, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना कमी पडली ती जूट. १९१९ मध्ये त्याच शहरातील कामगारांनी एकमेकांसाठी काम बंद ठेविले होते. १९९४ मध्ये एक बँड थांबला आणि बाकीचे वाजवीत राहिले. एकट्याने केलेला संप म्हणजे नुसती गैरहजेरी. मालकाला ती सोसते.