रामशेजचं कातडं

नाशिकच्या उत्तरेला, आशेवाडीच्या डोक्यावर रामशेज उभा आहे. आजूबाजूच्या डोंगरांपुढं तसा लहानच. वनवासात रामानं इथं शेज टाकली, म्हणून रामशेज, असं आमची म्हातारी माणसं सांगायची.

1682 साली औरंगजेबाच्या फौजेनं त्याला वेढा घातला. गड पाच वर्षांहून जास्त झुंजला. वर लोखंडी तोफ नव्हती. मराठ्यांनी लाकूड पोखरून, कातडं वापरून तोफा केल्या, हे मोगलांकडच्या खाफीखानानंच लिहून ठेवलंय.

शाळेत हे ऐकलं आणि मी घरी पळत आलो. आजा ओसरीवर मोट शिवत बसलेला. त्याला सगळं सांगितलं. आरीचा हात थांबला.

"कातडं कुणी कमावलं, ते लिवलंय का रे?"

नव्हतं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारलं. तेही गप्प राहिले.

पुढं विहिरींवर इंजिनं आली, मोटा गेल्या, आजाही गेला. त्याची आरी माझ्याकडं आहे. गडावर चढलो की आधी रामाला हात जोडतो, मग खालच्या वाड्या बघत बसतो. लाकूड, दाणा, कातडं वर जायचं ते असल्याच वाड्यांमधून. खानांची नावं पुस्तकात आहेत. आमच्या माणसांची नाहीत. म्हणून एवढं लिहून ठेवलं.