शिफारस आणि सक्ती

कायद्याच्या गद्याकडे साहित्याचा अभ्यासक सहसा वळत नाही. पण अमेरिकेच्या १९९६ च्या स्थलांतरविषयक कायद्यातील एक वाक्य वाचण्याजोगे आहे. कायमच्या वास्तव्यासाठी येणाऱ्याने गोवर, गालगुंड, पोलिओ, धनुर्वात, घटसर्प आदी रोगांच्या लसी घेतल्याचा पुरावा द्यावा, असे त्यात म्हटले आहे. यादी इथेच थांबती तर प्रश्न नव्हता. पुढे मात्र, लसीकरणविषयक सल्लागार समितीने शिफारस केलेल्या अन्य लसीही, अशी पुस्ती जोडलेली आहे.

समितीची शिफारस मुळात अमेरिकन जनतेसाठी असते. तिथल्या नागरिकाला ती नाकारता येते. अर्जदाराच्या बाबतीत तोच शब्द सक्ती होऊन बसला.

याचा प्रत्यय २००८ मध्ये आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरील गार्डासिल ही लस २००६ मध्ये मान्य झाली आणि समितीने ती मुलींसाठी सुचवली. टेक्सासच्या गव्हर्नरांनी २००७ मध्ये शाळकरी मुलींना ती सक्तीची करणारा आदेश काढला, तर काही महिन्यांतच विधिमंडळाने तो हाणून पाडला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ११ ते २६ वयाच्या स्थलांतरित मुली व स्त्रियांना मात्र ती आपोआप बंधनकारक झाली. तीन मात्रांचा खर्च सुमारे ३६० डॉलर. धर्म वा नीतीच्या कारणाने सूट मागायची, तर लसीकरण कोणत्याही स्वरूपात अमान्य असल्याचे सांगावे लागे; फक्त या एका लसीला नकार देण्याची सोय नव्हती.

सक्ती मुळातच गैर, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या आईवडिलांच्या दंडांवर देवीचे वण उमटले, तेव्हा त्यांच्या संमतीची फारशी वाट कोणी पाहिली नसावी. आणि देवी गेली, हे खरेच आहे. पण देवी श्वासावाटे शेजाऱ्याला गाठते. हा विषाणू मुख्यत्वे शरीरसंबंधातून पसरतो. मग परक्या मुलीचाच तेवढा धोका का वाटावा?

स्त्री-संघटना व स्थलांतरितांच्या संघटनांनी आवाज उठवला. अखेर रोगाची साथ पसरू शकते काय, किंवा देशातून त्याचे उच्चाटन झाले वा होत आहे काय, हे निकष ठरले आणि १४ डिसेंबर २००९ पासून ही अट गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडची लस यादीत आली. २२ जानेवारी २०२५ पासून देशातच राहून ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्यांकडे तिचा पुरावा मागणे थांबले. १९९६ चे ते वाक्य मात्र कायद्यात जसेच्या तसे आहे.