दक्षिण दिशेचा ‘सूर’

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा वृत्तान्त या स्मरणिकेत अन्यत्र आलेलाच आहे. आम्ही येथे जरा दूरची वाट धरीत आहोत. भाषेच्या मूळ प्रदेशापासून दूर राहणाऱ्या माणसांच्या वाङ्मयाला स्वतःचे तेज असू शकते काय, की ती घरच्या वाङ्मयाची फिकट पडछायाच ठरते, हा प्रश्न आपणा सर्वांनाच कधी ना कधी पडतो. त्याचे एक उत्तर अर्जेंटिनातील ‘सूर’ या नियतकालिकाच्या इतिहासात सापडते.

स्पॅनिश भाषेत ‘सूर’ म्हणजे दक्षिण. १९३१ साली ब्यूनॉस आयर्स येथे व्हिक्टोरिया ओकाम्पो (१८९०–१९७९) या विदुषीने ते सुरू केले. नाव सुचविले ते स्पॅनिश तत्त्वज्ञ ऑर्तेगा इ गासेत यांनी. आणि खाली, म्हणजेच दक्षिणेकडे, वळलेला बाण हे त्याचे चिन्ह ठरले. व्हिक्टोरियाबाई धनाढ्य घराण्यातील. त्यांचे बालपणीचे शिक्षण फ्रेंचमध्ये झाले आणि आरंभीचे लेखनही त्यांनी त्याच भाषेत केले. आपल्याच देशाच्या भाषेत लेखिका म्हणून त्यांना पुढे प्रयत्नपूर्वक यावे लागले. परक्या वाङ्मयाची ओढ आणि स्वतःच्या भूमीची जाणीव यांचा हा ताण त्यांच्या नियतकालिकातही अखेरपर्यंत राहिला.

भारतीय वाचकांस त्यांचे नाव सर्वस्वी अपरिचित नाही. १९२४ च्या नोव्हेंबरात पेरूकडे निघालेले रवींद्रनाथ ठाकूर ब्यूनॉस आयर्स येथे आजारी पडले. व्हिक्टोरियाबाईंनी त्यांची व्यवस्था सान इसिद्रो येथे नदीकाठच्या एका घरात केली व सुमारे दोन महिने त्यांचे आतिथ्य केले. ‘पूरबी’ हा १९२५ चा काव्यसंग्रह कवींनी ‘विजया’ला अर्पण केला, ती विजया हीच. हस्तलिखितातील खाडाखोडीतून कवी साकारीत असलेल्या आकृतींकडे या बाईंचे लक्ष गेले, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविण्यात त्यांनीच पुढाकार घेतला. दूरच्या प्रतिभेला घरात जागा देण्याची ही वृत्ती पुढल्याच वर्षी ‘सूर’च्या रूपाने संस्था बनली.

आरंभी त्रैमासिक असलेले ‘सूर’ १९३५ पासून मासिक झाले. तत्पूर्वी, १९३३ मध्ये, त्याची ग्रंथप्रकाशन शाखाही निघाली होती. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ग्रंथांचे स्पॅनिश अनुवाद या शाखेने काढले आणि त्यांपैकी काहींचे काम होर्हे लुईस बोर्हेस यांच्याकडून करून घेतले. १९४४ साली अमेरिकेच्या आणि १९४७ साली इंग्लंडच्या वाङ्मयाला वाहिलेले विशेषांक निघाले. गाब्रिएला मिस्त्राल यांचा ‘ताला’ हा काव्यसंग्रह १९३८ साली ‘सूर’ने छापला. त्याचे उत्पन्न स्पेनमधील यादवी युद्धात निराश्रित झालेल्या बास्क बालकांसाठी देण्यात आले. याच कवयित्रीस १९४५ साली नोबेल पारितोषिक लाभले.

कथेच्या क्षेत्रात तर ‘सूर’ने इतिहास घडविला. १९३८ पासून होसे बियांको यांनी संपादनाचा दैनंदिन भार उचलला. १९३९ च्या मे महिन्यात बोर्हेस यांची ‘पिएर मेनार’ ही कथा आणि १९४० च्या मे महिन्यात ‘त्लोन, उक्बार’ ही कथा येथेच प्रथम प्रसिद्ध झाली. समीक्षेचे रूप घेतलेल्या, कल्पित ग्रंथांचे दाखले देणाऱ्या या कथा तेव्हाच्या वाचकास चमत्कारिकच वाटल्या असतील. १९४२ मध्ये राष्ट्रीय पारितोषिकासाठी बोर्हेस डावलले गेले, तेव्हा ‘सूर’ने एका अंकातील बरीच पाने त्यांच्या सन्मानासाठी दिली. पुढे साऱ्या जगाने ज्यांच्यापासून कथालेखनाचा धडा घेतला, त्यांच्यामागे त्या वेळी हे एक मासिक उभे होते.

‘सूर’वर आक्षेप कमी आले नाहीत. हे मूठभर श्रीमंतांचे पत्र आहे, परदेशाच्या नादी लागलेले आहे, असे म्हटले जाई; आणि त्यात तथ्यांश नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. १९६१ साली क्यूबातील साहित्यस्पर्धेचे परीक्षक म्हणून बियांको तेथे गेले. मासिकाचा त्याच्याशी संबंध नाही असे व्हिक्टोरियाबाईंनी जाहीर करताच बियांको यांनी तेवीस वर्षांचे काम सोडले. राजकारणाने इतक्या जुन्या स्नेहालाही तडा जातो. मात्र बाईंच्या धैर्याविषयी शंका घेता येणार नाही. पेरॉन यांच्या राजवटीत, १९५३ साली, त्यांना सव्वीस दिवस तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या सुटकेसाठी मिस्त्राल यांनी थेट पेरॉन यांना तार केली.

परदेशी वळणाच्या आक्षेपाला सर्वांत मार्मिक उत्तर बोर्हेस यांनी १९५१ च्या एका व्याख्यानात दिले. अर्जेंटिनाच्या लेखकाने केवळ स्थानिक रंगाला चिकटून राहावे हे त्यांना मान्य नव्हते. समग्र पाश्चात्त्य परंपरा हाच आपला वारसा, आणि काठावर असल्यामुळेच तिच्याकडे धाकदडपणाशिवाय पाहण्याची मोकळीक आपणांस आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दूर असणे हे न्यून नव्हे, ती एक दृष्टी आहे, हा या विचाराचा गाभा आम्हांस मोलाचा वाटतो.

१९७० नंतर ‘सूर’चे अंक तुरळक झाले. व्हिक्टोरियाबाईंची संपत्ती त्यात पुष्कळशी खर्ची पडली होती. आपल्याकडे १९३३ साली निघालेली ‘सत्यकथा’ही १९८२ मध्ये थांबली. वाङ्मयीन नियतकालिके हिशेबाच्या वहीत बहुधा तोट्याच्याच बाजूला असतात. त्यांची जमा वाचकांच्या पुढच्या पिढीत दिसते.

परप्रांतात मराठी जपणे म्हणजे तिला कपाटात बंद करणे नव्हे. शेजारच्या भाषेतील एखादी चांगली कविता, एखादी कथा आपल्या मुलाबाळांनी मराठीत उतरवावी आणि ती मंडळाच्या अंकात सन्मानाने छापली जावी. ज्या घराची खिडकी उघडी असते, त्याच घरातला दिवा रस्त्यावरून दिसतो. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांसाठी आमची एवढीच प्रार्थना आहे.