वॉटसन यांनी झाकलेले पान

३१ मे २००७ रोजी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी एका समारंभात ७९ वर्षांच्या शास्त्रज्ञाच्या हाती त्याचाच संपूर्ण जनुकसंच देण्यात आला. हे शास्त्रज्ञ म्हणजे जेम्स वॉटसन. फ्रान्सिस क्रिक यांच्यासह १९५३ साली डीएनएचा दुहेरी गोफ उलगडला, तो त्यांनीच.

वॉटसन मोकळेपणाचे जुने पुरस्कर्ते. जनुकांवर पेटंट घेण्याला त्यांचा कडाडून विरोध होता. १९९२ साली त्यांनी अमेरिकेच्या जनुकसंच प्रकल्पाचे प्रमुखपद सोडले, त्यामागे हाही वाद होता. पुढे १९९६ साली बर्म्युडात शास्त्रज्ञांनी ठरवले, की वाचलेली जनुकीय माहिती २४ तासांत सर्वांना खुली करायची. वॉटसन यांनीही आपला जनुकसंच इंटरनेटवर खुला केला. जागा कोरी ठेवली ती एकच.

ती होती ‘अपोई’ या जनुकाची. त्याचे ‘ई-४’ हे रूप असलेल्यांना उतारवयात अल्झायमर होण्याचा धोका वाढतो, हे १९९३ साली उमगले होते. वॉटसन यांच्या एका आजीला हा स्मृतिभ्रंश झाला होता. ज्यावर उतारा नाही, त्या दुखण्याची आगाऊ वर्दी त्यांना नको होती.

पण डीएनएमधली शेजारशेजारची अक्षरे पिढ्यानपिढ्या बहुधा एकत्रच उतरतात. शेजार वाचला, की झाकलेल्या जागी काय असेल याचा अंदाज बांधता येतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. मग त्या जनुकाभोवतीची सुमारे २० लाख अक्षरे काढून टाकावी लागली.

म्हणून ही माहिती कुलुपात ठेवायची का? तसे केले असते, तर संशोधन अडले असते. २०१३ साली अनेक देशांनी मिळून सुमारे ७४ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा कुठे अल्झायमरशी नाते असलेल्या ११ नव्या जागा सापडल्या. एकट्या प्रयोगशाळेचे ते काम नव्हते.

मात्र आपली निम्मी अक्षरे आईची, निम्मी वडिलांची. त्यांतली निम्मी लेकरांकडे जातात. संमतीपत्रावर सही एकाची असते, पान उघडते ते साऱ्या घराचे. म्हणूनच आज अशा अनेक संग्रहांत रुग्णाचे नाव काढून टाकतात आणि संशोधकाला अटी मान्य केल्यावरच माहिती देतात. २०२५ साली वॉटसन निवर्तले. ज्ञान सर्वांना खुले असावे आणि स्वतःविषयी न जाणण्याची मुभाही असावी, या त्यांच्या दोन्ही मागण्या रास्तच होत्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)