बॉनेटखालचा फवारा

मागच्या रविवारी हौसेने बॉनेट उघडून प्रेशर वॉशर मारला आणि गाडी तीनच सिलिंडरवर थडथडायला लागली. प्लगच्या खळग्यात पाणी! कॉइल काढून वाळत ठेवल्या आणि तोवर इतिहास वाचला.

१९२७ साली अमेरिकेत फ्रँक ओफेल्टने वाफेवरचं 'स्टीम जेनी' काढलं. १९५० मध्ये जर्मनीत आल्फ्रेड कार्चरने युरोपातला पहिला गरम पाण्याचा हाय-प्रेशर क्लीनर बनवला. तेव्हाच्या इंजिनात नाजूक असं होतं काय? डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी गेलं तर गाडी हटून बसायची. टोपी काढा, फडक्याने पुसा, चला!

मग १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशचं डी-जेट्रॉनिक आलं. इंजिनवर सेन्सर बसले आणि वायरींचे कनेक्टर वाढतच गेले. इकडे फवारेही जोरदार झाले. शेवटी १९९३ मध्ये जर्मनांनीच वाहनांच्या भागांसाठी 'आयपी ६९के' चाचणी आणली: ८० अंशांचं पाणी, ८० ते १०० बार दाब, १०-१५ सेंटिमीटरवरून, चार कोनांतून प्रत्येकी ३० सेकंद.

हे वाचून मी म्हटलं, मग माझं काय चुकलं? तर चाचणी होते ती एकेका नव्याकोऱ्या भागाची. बॉनेटखालचा प्रत्येक भाग तिला उतरलेला नसतो, आणि माझ्या गाडीची रबरी सीलं तर केव्हाच कडक झालीत.

तेव्हा यापुढे इंजिन थंड, आल्टरनेटर, फ्यूजबॉक्स, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकने बांधलेलं, आणि साधा बागेचा पाइप, तोही हळू. कनेक्टरपाशी फक्त ब्रश आणि फडकं. चौथा सिलिंडर संध्याकाळी परत आला.